साहेबाच्या शिव्या, घरचा हिशेब

कशेळीचा पूल ओलांडून काल्हेरमार्गे अंजूरफाट्याकडे निघाले की पूर्णा गावाच्या आगेमागे रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामे सुरू होतात. पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडा, माणकोली ही नावे आता गावांची म्हणून कमी आणि गोदाम-संकुलांच्या पत्त्यातली म्हणून जास्त वाचायला मिळतात. मुंबईत जकात होती तेव्हा जकातीच्या हद्दीबाहेरची, तरी शहराला खेटून असलेली ग्रामपंचायतींची जमीन व्यापाऱ्यांना सोयीची पडली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामे गेली नाहीत, वाढलीच. मुंबई-ठाण्यात ऑनलाइन मागवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दारात येते तेव्हा ती बऱ्याचदा याच पट्ट्यातून आलेली असते. या पट्ट्याबद्दल आपण बोलतो ते वाहतूककोंडी, आगी, बेकायदा बांधकामे, रखडलेली मेट्रो यांच्याबद्दल. आत काम करणाऱ्या माणसाशी कसे बोलले जाते, हा विषय कुणी काढत नाही. काढलाच तर तो एखाद्या सुपरवायझरच्या तापट स्वभावावर येऊन थांबतो. माझे म्हणणे असे, की स्वभावाचा यात वाटा थोडा आहे. वरिष्ठ खालच्याला तुडवतो तो तुडवता येते म्हणून, आणि त्याचा खर्च त्याला किंवा त्याच्या आस्थापनाला पडत नाही म्हणून. तो खर्च कामगाराचे घर भरते.

हे नुसते भावनेच्या भरात केलेले विधान नाही. अमेरिकेतील संशोधक बेनेट टेपर यांनी २००० साली ‘अ‍ॅकॅडमी ऑफ मॅनेजमेंट जर्नल’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला आणि वरिष्ठांच्या जाचाचा अभ्यास त्यानंतर खऱ्या अर्थाने सुरू झाला. त्यांनी पंधरा प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली. चारचौघांत पाणउतारा करणे, जुन्या चुका पुन्हा पुन्हा उगाळणे, दुसऱ्यावरचा राग याच्यावर काढणे, स्वतःची चूक खालच्याच्या माथी मारणे, केलेल्या कामाचे श्रेय न देणे, दिलेला शब्द मोडणे, बोलणेच बंद करून टाकणे, असे त्यात होते. हात उगारणे त्यात नव्हते, आणि एखाद दिवशी चढलेला आवाजही नव्हता. सतत चालणारे वागणे तेवढे मोजायचे होते. असा वरिष्ठ वाट्याला आलेल्यांपैकी नोकरी सोडणारे जास्त निघाले, हे अपेक्षितच. जे टिकून राहिले त्यांच्यात नोकरीबद्दलचे आणि एकूण आयुष्याबद्दलचे समाधान कमी, चिंता आणि खचलेपण जास्त, आणि काम व घर यांच्यातली ओढाताण जास्त आढळली. २००९ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी स्टॉकहोम परिसरातील ३,१२२ पुरुष कर्मचाऱ्यांचा कित्येक वर्षांचा आरोग्याचा मागोवा प्रसिद्ध केला. आपला वरिष्ठ नीट माहिती देतो, कामाची दिशा स्पष्ट सांगतो, माणूस म्हणून विचारपूस करतो, असे सांगणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका कमी होता. आणि त्याच कामाच्या ठिकाणी जितकी वर्षे जास्त, तितका हा संबंध घट्ट होता. कार्यालयातल्या सगळ्या दुर्वर्तनांची तुलना करणाऱ्या २०१० च्या एका एकत्रित पडताळणीत सहकाऱ्याच्या किंवा ग्राहकाच्या आक्रमकतेपेक्षा वरिष्ठाची आक्रमकता अधिक घातक ठरली. कारण उघड आहे. ग्राहक शिव्या देऊन निघून जातो. वरिष्ठ उद्या सकाळी पुन्हा हजेरी घ्यायला उभा असतो, आणि रजा, पाळी, खाडा, पगारवाढ सगळे त्याच्याच हातात असते.

घराकडे वळू. अशा विषयावर घरच्या माणसांनाही विचारायला हवे, हे फार उशिरा सुचले. जेनी हूबलर आणि डॅनियल ब्रास यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वरिष्ठ, त्याच्या हाताखालचा कर्मचारी आणि त्या कर्मचाऱ्याच्या घरातली व्यक्ती, असे तिघेही होते. जाचक वरिष्ठाच्या हाताखाली काम करणाऱ्यांच्या घरच्यांनी सांगितले, की हा माणूस घरात टोचून बोलतो, आम्हाला कमी लेखतो, चिडतो. ज्याच्यावर राग आहे त्याला काही म्हणता येत नाही, म्हणून तो सोयीच्या माणसावर निघतो; वड्याचे तेल वांग्यावर ही गोष्ट आपल्याकडे आजीलाही ठाऊक होती, फक्त तिने ती आकड्यांत मांडली नव्हती. २०११ मध्ये डॉन कार्लसन आणि सहकाऱ्यांनी कर्मचारी व त्यांचे जोडीदार दोघांनाही प्रश्न विचारले, तेव्हा वरिष्ठाचा जाच पती-पत्नींमधल्या तणावाशी आणि दोघांच्याही कौटुंबिक समाधानाच्या घसरणीशी जोडलेला दिसला. जोडीदाराने त्या वरिष्ठाचे तोंडही पाहिलेले नसते. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हूबलर आणि ब्रास यांच्या अभ्यासातला आणखी एक निष्कर्ष: आपल्याला कंपनीने दिलेला शब्द पाळला नाही, अशी भावना असलेले वरिष्ठ खालच्यांना जास्त छळत होते. म्हणजे साखळी कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरून सुरू होते आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरात संपते. मधला सुपरवायझर ही त्या साखळीतली एक कडी.

गोदामात ही साखळी लांब असते. माल एका कंपनीचा, गोदाम चालवणारी लॉजिस्टिक्स कंपनी दुसरी, माणसे पुरवणारा ठेकेदार तिसरा आणि प्रत्यक्ष काम करून घेणारा सुपरवायझर यांपैकी कुणाच्या तरी पटावरचा, बऱ्याचदा स्वतःही कंत्राटी. स्कॅनरमुळे प्रत्येक माणसाने तासाला किती नग उचलले, किती पॅक केले, हे पडद्यावर दिसते. आकडा खाली आला की वरून विचारणा सुपरवायझरला होते, आणि त्याच्यापाशी देण्यासारखे दुसरे काही नसल्याने तो आवाज देतो. २०२४ च्या उन्हाळ्यात हरियाणातील मानेसर येथे अ‍ॅमेझॉनच्या गोदामात, ट्रक रिकामे होईपर्यंत पाण्यासाठी किंवा स्वच्छतागृहासाठी थांबणार नाही, अशी शपथ कामगारांकडून घेतल्याची बातमी आली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेऊन केंद्रीय कामगार मंत्रालयाला नोटीस धाडली. ही एकट्यादुकट्या घटनेची बाब असल्याचे कंपनीचे म्हणणे होते. असेलही. पण अशी शपथ घ्यायला लावण्याची कल्पना ज्याला सुचली, तो वेडा नव्हता. त्याच्यापुढे एक आकडा होता, तो गाठायचा होता आणि समोरची माणसे नकार देणार नाहीत याची त्याला खात्री होती.

मग ही माणसे नोकरी सोडत का नाहीत, हा प्रश्न सुखवस्तू वाचकाच्या मनात येतोच. टेपर यांच्या निबंधातच त्याचे उत्तर आहे, आणि माझ्या साऱ्या युक्तिवादाचा कणाही तोच आहे. जाचाचा परिणाम सर्वांवर सारखा होत नव्हता. ज्यांना दुसरीकडे सहज काम मिळण्याची आशा कमी, त्यांच्यावर तो अधिक तीव्र होता. शिवी तीच, पण दार उघडे असलेल्याला ती कमी लागते. वरवर पाहता भिवंडीच्या पट्ट्यात दार सताड उघडे आहे. एका गाळ्यातले काम सोडले तर शेजारच्या गाळ्यात मिळू शकते. पण कंत्राटी कामगाराच्या बाबतीत हे दार बंद करणाऱ्या गोष्टी फार साध्या असतात. महिन्याचा पगार अडकलेला असतो. ठेकेदाराकडून उचल घेतलेली असते. एकाच ठेकेदाराची माणसे अनेक गाळ्यांत असतात, त्यामुळे ‘नाटकी आहे’ असा शिक्का कामगाराच्या आधी पुढच्या ठिकाणी पोचतो. मुलाचे नाव शाळेत घातलेले असते, खोलीचे डिपॉझिट दिलेले असते. बाईमाणसाचे तर आणखी कठीण: पाळीची वेळ, ठाणे-कल्याणहून येण्याची सोय आणि घरचा होकार हे तिन्ही एकदा जुळलेले असताना केवळ साहेबाचे तोंड वाईट म्हणून ती नोकरी सोडते म्हणाली, तर तो होकारच काढून घेतला जाण्याची भीती. म्हणून ती घरी काही सांगतच नाही.

शिकलेल्यांची सुटका आहे असेही नाही. पुण्यातील अर्न्स्ट अँड यंगच्या कार्यालयात नव्याने लागलेल्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा जुलै २०२४ मध्ये मृत्यू झाला, आणि तिच्या आईने कंपनीच्या भारतातील प्रमुखांना लिहिलेले पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचले गेले. कामाच्या ताणामुळे हा मृत्यू झाला हे कंपनीने नाकारले. त्यावर निवाडा देण्याचा अधिकार मला नाही. मला त्यानंतर जे झाले ते बोलके वाटते. कामगार विभागाने पाहणी केली, तेव्हा हाती काय लागले? कार्यालय २००७ पासून चालू असूनही राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली त्याची नोंदणी नव्हती. नोंदणी, तास, हजेरीपट, एवढेच निरीक्षकाला दिसते, कारण कायदा तेवढेच पाहायला सांगतो. वरिष्ठ कसा बोलतो यासाठी त्याच्या अर्जात रकानाच नाही. सार्वजनिक चर्चाही तासांपुरतीच फिरते. नारायण मूर्तींचे आठवड्याला सत्तर तास, मग जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे नव्वद तास आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ पाहणार हा त्यांचा सवाल. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने-आस्थापनांमधील रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १० तासांवर नेण्याला दिलेली मंजुरी. तास महत्त्वाचे आहेतच. पण दहा तासांनी घरी आलेला माणूस कोणत्या अवस्थेत येतो, हे त्या दहा तासांत त्याच्याशी काय झाले यावरही ठरते.

इथे पहिला आक्षेप येतो: हे परदेशी अभ्यास, आपल्याकडे वडीलधाऱ्याचे, मास्तरांचे, साहेबाचे बोलणे खाण्याची सवय आहे, आपल्याला एवढे लागत नाही. आक्षेप पोकळ नाही. २०१३ मध्ये चीनमधील कर्मचाऱ्यांवरच्या एका संशोधनात, उतरंड मनापासून मान्य असणाऱ्यांवर वरिष्ठाच्या जाचाचा परिणाम कमी दिसला होता. कमी दिसला, नाहीसा झाला नव्हता. शिवाय हे बहुतेक अभ्यास प्रश्नावलींवर उभे आहेत. खचलेल्या माणसाला साहेब अधिक वाईट वाटत असेल, असा उलटा प्रवासही काही अंशी शक्य आहे, हे मान्य केले पाहिजे. पण सवयीच्या मुद्द्यात एक गोम आहे. सवय लागते ती पर्याय नसताना. आणि आपल्याकडे बोलणे खाऊन घेणारा माणूस ते पोटात ठेवतो असे म्हणावे, तर संध्याकाळी ते कुठे जाते, याची विचारणा त्याच्या बायकोकडे आणि मुलांकडे करायला हवी. त्यांना कुणी प्रश्नावली दिलेली नाही. ‘आमच्या लोकांना चालते’ हे नेहमी बोलणारा सांगतो.

दुसरा आक्षेप कामाचा. गोदामात शिस्त लागते. फोर्कलिफ्ट चालतात, उंच रॅकवरून माल उतरतो, ढिलाई झाली तर जीव जातो. गोड बोलून काम होत नाही, असे धंद्यातले लोक सांगतात. शिस्तीबद्दल ते बरोबर आहेत, आणि वरच्या पंधरा प्रश्नांत शिस्तीला विरोध करणारा एकही प्रश्न नाही. हेल्मेट घाल नाहीतर बाहेर जा, हे कडक बोलणे आहे. ‘तुझ्या बापाने कधी काम केले होते का’ हे दुसरेच काही आहे, आणि त्याने रॅकवरचा एकही खोका सुरक्षित होत नाही. गेल्या वीस वर्षांतील अभ्यासांच्या एकत्रित पडताळण्यांतही जाचक वरिष्ठाच्या हाताखाली कामाची प्रत घसरते, आपणहून मदत करणे कमी होते आणि कामचुकारपणा, नासधूस वाढते असेच आढळले आहे. मग शहाणे व्यवस्थापन हे थांबवत का नाही? कारण घसरलेल्या प्रतीच्या नावापुढे साहेबाचे नाव लिहिले जात नाही. आज रात्रीचा आकडा गाठला गेला हे दिसते. तीन महिन्यांत निम्मी माणसे बदलली तर ते ‘ही पोरं टिकतच नाहीत’ या सदरात जाते.

शिव्यांची मुळे माणसापेक्षा अधिकारात असतात, याचा उत्तम पुरावा परदेशात शोधायची गरज नाही. तो मुंबईच्या गिरण्यांत आहे. गिरणीत भरती जॉबर करत असे. नोकरी देणारा तो, काढणारा तो, बदली कामगाराला आज काम द्यायचे की नाही हे फाटकाशी ठरवणारा तो. त्यामुळे त्याची दस्तुरी, त्याची अरेरावी, आणि काही ठिकाणी कामगाराच्या खोलीपासून कर्जापर्यंत त्याचाच शब्द. १९२९ मध्ये नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या कामगारविषयक व्हिटली आयोगाने या पद्धतीवर बोट ठेवले. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना आणली आणि बदली कामगारांची नोंद व्यवस्थापनाकडे आली. जॉबर एका रात्रीत सज्जन झाले नाहीत. त्यांची सद्दीही लगेच संपली नाही. पण भाकरीची दोरी त्यांच्या एकट्याच्या हातातून सुटू लागली, हे खरे. १९६९ चा महाराष्ट्र माथाडी कायदा त्याच विचाराची पुढची पायरी होती. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या या कायद्याने हमालाची नोंदणी माथाडी मंडळाकडे केली, मजुरी मंडळातून दिली, भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस यांसाठी मालकाकडून लेव्ही घेतली. टोळीतल्या माणसाला व्यापाऱ्याच्या मर्जीबाहेर काही मिळू शकते, हे त्याने दाखवून दिले. माथाडीच्या नावाने खंडणी मागणाऱ्या टोळ्यांचा त्रास उद्योजक सांगतात तोही खोटा नाही, त्याचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण त्यावरून मूळ विचार चुकला असे ठरत नाही. आजच्या गोदामात स्कॅनिंग, पॅकिंग, सॉर्टिंग करणारी मोठी फौज या छत्राबाहेर ठेकेदाराच्या पटावर आहे, आणि तिच्यासाठी फाटकावरचा जॉबर नव्या नावाने पुन्हा उभा आहे.

तिसरा आक्षेप वकिली थाटाचा: प्रत्येक झापणीची तक्रार होऊ लागली तर काम कोण करून घेईल, आणि अपमान सिद्ध कसा करणार? जपानने २०१९ मध्ये कायदा बदलून अधिकाराच्या जोरावर केलेला छळ रोखण्याची जबाबदारी मालकांवर टाकली. मोठ्या कंपन्यांना तो जून २०२० पासून आणि लहानांना एप्रिल २०२२ पासून लागू आहे. त्यात कामासाठी आवश्यक, योग्य मर्यादेतली सूचना वेगळी काढलेली आहे. जपानी कारखाने काही त्यामुळे बंद पडले नाहीत. फ्रान्समध्ये तर २०१९ मध्ये न्यायालयाने फ्रान्स टेलिकॉमच्या माजी प्रमुखांना आणि इतर वरिष्ठांना दोषी ठरवले, ते कुणा एकाला शिवी दिल्याबद्दल नव्हे, तर हजारो कर्मचारी आपणहून निघून जावेत असे वातावरण धोरण म्हणून तयार केल्याबद्दल. जानेवारी २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने माजी प्रमुखांची दोषसिद्धी कायम केली. आपल्याकडे लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आणि अंतर्गत समिती आहे, पण साध्या जाचासाठी तसे काही नाही. कामाच्या जागेवरील हिंसा व छळाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१९ चा करार भारताने अजून स्वीकारलेला नाही. जुन्या आदर्श स्थायी आदेशांत मालकाच्या किंवा त्याच्या हस्तकाच्या अन्यायी वागणुकीची तक्रार करण्याची तरतूद होती. तक्रार द्यायची होती ती व्यवस्थापकाकडे.

नवा कायदा होईल तेव्हा होईल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती बंधनकारक आहे. तिच्यात मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान असायचे, आणि तिने तीस दिवसांत काम संपवायचे. लंगडेपण तिच्यातही आहे. दरमहा १८ हजारांहून अधिक पगाराचा सुपरवायझर या संहितेत ‘कामगार’ ठरत नाही, म्हणजे वरून दाबला जाणारा आणि म्हणून खाली दाबणारा माणूसच समितीबाहेर. आणि कंत्राटी कामगाराची समिती ठेकेदाराची, तर शिव्या देणारा कधी ठेकेदाराचा, कधी लॉजिस्टिक्स कंपनीचा. ही फट मालाची मालक असलेली कंपनीच बुजवू शकते. पूर्णा-माणकोलीच्या पट्ट्यातल्या गोदामांत माल ठेवणाऱ्या मोठ्या कंपन्या गोदामचालकाशी करार करताना अग्निशमनाची व्यवस्था, विमा, ठेकेदाराचा भविष्यनिर्वाह निधीचा भरणा यांची कागदपत्रे मागू शकतात. त्याच यादीत आणखी दोन कागद मागता येतील: संपूर्ण गाळ्यासाठी एकच तक्रार समिती, तिच्या बैठकींच्या नोंदींसह, आणि प्रत्येक सुपरवायझरच्या हाताखालून तिमाहीत किती माणसे सोडून गेली याचा तक्ता. दुसरा तक्ता हजेरीपटातून अर्ध्या तासात निघतो. तो आजवर कुणी मागितलेला नाही, कारण त्यातला खर्च कुणाच्याच नावावर पडत नव्हता. कराराच्या पुढच्या नूतनीकरणात तो मागितला, तर पहिल्याच तिमाहीत कोणत्या पाळीकडे पाहायचे हे व्यवस्थापनाला कळेल.